पगारातलं किती भाड्यात घालायचं?

मोगरा_भवानीपेठ | रविवार, रात्री ८:१५

नमस्कार मंडळी. गेला महिनाभर घरात एकच विषय चालू आहे, म्हणून शेवटी इथं विचारते.

आम्ही सोलापुरात भवानी पेठेत एका जुन्या वाड्यात राहतो. दोन खोल्या, वर पत्रा, संडास तीन बिऱ्हाडांत मिळून एक. भाडं ६,०००. मी, नवरा, सासूबाई आणि पाच वर्षांची लेक. सासूबाईंचे गुडघे गेलेत, रात्री उठून अंगण ओलांडायचं म्हणजे कुणाचा तरी हात लागतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्र्याखाली बसवत नाही. मागच्या उन्हाळ्यात लेकीची पाठ घामोळ्यानं भरली होती, ओली चादर अंथरून झोपवायचे तिला.

मी एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, हातात १८,००० येतात. नवरा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. ऑर्डरी जोरात असल्या की ओव्हरटाइम धरून २६,०००, मंदी असली की १९,०००.

जुळे सोलापुरात एक टू बीएचके बघितला. तिसरा मजला, लिफ्ट आहे, भाडं १३,०००, डिपॉझिट ५०,०००. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, पण आतला संडास त्यांनी दोनदा जाऊन बघितला.

नेटवर सगळीकडं ३० टक्के लिहिलंय. ४४,००० चे ३० टक्के १३,२०० होतात, म्हणजे बसतंय. तरी पोटात गोळा येतोय. तुम्ही किती देता? आणि ते कसं ठरवलं?

कडक_भाकरी | रविवार, रात्री ८:३१

ताई, वीस टक्क्यांच्या वर जाऊ नका. सोलापूर हाय हे, पुणं नव्हं.

सातरस्ता_ते_सैफुल | रविवार, रात्री ९:०४

मी चार वर्षं जुळे सोलापुरात आहे. पगार ५२,०००, भाडं ११,०००, म्हणजे २१ टक्के. पण हा आकडा फसवा आहे. माझ्या खिशातून घरासाठी महिन्याला किती जातात ते सांगतो.

भाडं ११,०००. मेंटेनन्स ८००, त्यात लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि झाडणारा माणूस. मार्च ते जून टँकर. आमच्या बिल्डिंगमध्ये माणशी नाही, फ्लॅटमागं वाटतात, गेल्या उन्हाळ्यात महिन्याला सहाशेच्या आसपास आले. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं हे आपल्या सगळ्यांनाच माहीत आहे. उजनी धरण काठोकाठ भरलेलं असलं तरी आपल्या नळाचा वार काही बदलत नाही. ज्या घराला मोठा हौद नाही, त्या घराचं भाडं कितीही कमी असलं तरी ते घर महाग.

आणि बोअरचं पाणी नुसतं 'आहे' म्हणून ऐकू नका. घर बघायला जाताना पातेलं घेऊन जायची तयारी ठेवा. मी खरंच सांगतो. मालकाकडून एक बाटली बोअरचं पाणी घ्या, घरी स्टीलच्या पातेल्यात उकळा आणि गार होऊ द्या. कडेनं पांढरा थर धरला आणि साबणाला फेस आला नाही, तर समजा गिझरचं कॉइल दरवर्षी बदलावं लागणार, नळ दर सहा महिन्यांनी धरणार आणि डोक्याचे केस राठ होणार. आमच्या आधीच्या घरात हे सगळं झालं.

रुळांशेजारी | रविवार, रात्री ९:४०

बाळ, मी रेल्वेतून रिटायर झालो, सगळी नोकरी सोलापूर डिव्हिजनला. सरकार घरभाड्याचा हिशोब कसा करतं ते सांगतो, त्यावरून अंदाज येईल.

केंद्राच्या घरभाडे भत्त्यात शहरांचे एक्स, वाय, झेड असे वर्ग आहेत. सोलापूर वाय वर्गात. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यापासून, म्हणजे जानेवारी २०२४ पासून, वाय शहराला मूळ पगाराच्या २० टक्के घरभाडं मिळतं. आता बघ, मूळ पगार ४०,००० असेल तर घरभाडं ८,०००. पण त्या माणसाला ५० टक्के महागाई भत्ता धरून हातात एकूण ६८,००० येतात. म्हणजे सरकारच्या हिशोबात घराचा वाटा एकूण पगाराच्या १२ टक्क्यांच्याही आत. आणि ती नोकरी पक्की, पहिल्या तारखेला पगार. तुझ्या घरात ते नाही. तेव्हा ३० टक्के ऐकून मला धडकी भरली.

आम्ही क्वार्टरमध्ये राहिलो. भत्ता कापून जायचा, पण नळाला पाणी होतं आणि पोरं रुळाच्या आवाजात अभ्यास करायला शिकली.

हिंजवडीतला_सोलापूरकर | रविवार, रात्री १०:१०

पुण्यात टू बीएचके २८,०००. माझा पगार ७८,०००. एकट्यानं घेतला असता तर ३६ टक्के. रूममेट आहे म्हणून १४,०००, म्हणजे १८ टक्के. संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं शनिवारी घरी येतो, आईच्या हातची भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेतो, की आठवडा निघतो.

मोगराताई, एक विचारतो. तीस टक्के हा नियम काढला कुणी?

जुनी_वही | रविवार, रात्री १०:५२

तो नियम अमेरिकेतला. तिथं आधी लोक असं धरायचे की महिन्याचं भाडं म्हणजे एका आठवड्याची मजुरी. १९६९ मध्ये सिनेटर एडवर्ड ब्रुक यांच्या नावानं ओळखली जाणारी दुरुस्ती झाली. सरकारी घरांत राहणाऱ्या गरीब भाडेकरूंकडून त्यांच्या उत्पन्नाच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त भाडं घेऊ नये असं तीत ठरलं. १९८१ मध्ये ती मर्यादा ३० टक्के झाली.

म्हणजे सरकारनं गरिबाकडून जास्तीत जास्त किती घ्यावं, त्याची ती वरची रेघ होती. पुढं बँकांनी आणि पैशांचा सल्ला देणाऱ्यांनी तीच उचलली आणि 'एवढं खर्च करायला हरकत नाही' असा तिचा अर्थ लावला. छत आणि जमीन एकच धरल्यासारखं झालं हे. शिवाय तिथं चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं असं कुणी गृहीत धरलं नव्हतं.

कुंभारीकर | रविवार, रात्री ११:२०

जुनी_वही, 'एका आठवड्याची मजुरी' वाचून अंगावर काटा आला. आमची अम्मा नेमकं हेच करायची आणि तिला अमेरिका कुठं आहे ते माहीत नव्हतं.

अम्मा विड्या वळायची. अशोक चौकाजवळ एका खोलीत आम्ही सहा जण. रात्री तेंदूची पानं भिजवून ठेवायची, सकाळी कात्रीनं पत्र्याच्या मापावर कापायची आणि मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळत बसायची. पगार आठवड्याला. महिन्याच्या पहिल्या आठवड्याचा पगार आला की तो मोजायचाही नाही, सरळ बोर्नव्हिटाच्या जुन्या डब्यात. तो मालकाचा. उरलेले तीन आठवडे आमचे. कारखान्यानं पानं कमी दिली, की वळायला काम कमी, पगार कमी, पण डब्यातलं तेवढंच जायचं. त्या महिन्यात आमच्या ताटात काय कमी झालं ते मला अजून आठवतंय.

पुढं आम्हाला कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत घर मिळालं. विडी कामगार बायांची दहा हजार घरं, नरसय्या आडम मास्तरांनी लढून उभी केलेली. त्याच भागात आता रे नगर झालंय, जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान आले होते १५,००० घरं द्यायला. घर मिळालं त्या दिवशी अम्मा भिंतीला हात लावून बसली होती. भाडं थांबलं. पण शहरात कामाला, कॉलेजला यायचं तर रिक्षा किंवा बस, रोज. पहिल्या वर्षी आम्ही हिशोब केला तर चौघांचा जाण्यायेण्याचा खर्च जुन्या भाड्याच्या अर्ध्याहून जास्त निघाला. तरी घर स्वतःचं, त्याला तोड नाही. सांगायचं एवढंच की ताई, नवऱ्याला रोज एमआयडीसीत जायचंय. जुळे सोलापूर म्हणजे शहराचं दुसरं टोक. ते धरलं का?

मोगरा_भवानीपेठ | सोमवार, सकाळी ७:०५

कुंभारीकर, तुमच्या अम्माचं वाचून सकाळी सकाळी डोळे भरून आले.

नाही धरलं. आता धरते. इथून ह्यांना कारखाना जवळ आहे. तिकडून जाऊन-येऊन रोज दहा किलोमीटर तरी जास्त पडतील. २६ दिवसांचे २६० किलोमीटर, गाडी लिटरला पन्नास देते, म्हणजे पाच लिटरच्या वर. साडेपाचशे रुपये झाले.

कर_सल्ला_नवीपेठ | सोमवार, सकाळी ११:३०

कुणीतरी एचआरएच्या (घरभाडे भत्त्याच्या) करसवलतीचं सांगेलच, म्हणून आधीच लिहितो. जुन्या करप्रणालीत सूट तीनपैकी सर्वांत कमी रकमेवर मिळते: मिळालेला एचआरए, भाड्यातून पगाराचे १० टक्के वजा करून उरलेली रक्कम, किंवा पगाराचे ४० टक्के (मुंबईसारख्या महानगरात ५०). इथं पगार म्हणजे मूळ पगार अधिक महागाई भत्ता. उदाहरणार्थ मूळ पगार २५,०००, एचआरए ८,०००, भाडं ९,००० असेल तर सूट ६,५०० वर. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की मालकाचा पॅन द्यावा लागतो. नव्या प्रणालीत ही सूटच नाही.

मोगराताई, तुम्हा दोघांचं उत्पन्न वेगवेगळं मोजलं जातं आणि दोघांवरही कर लागत नाही. त्यामुळं 'भाडं जास्त दिलं तर कर वाचेल' असं कुणी एजंट म्हणाला तर ऐकू नका. तुमच्या बाबतीत एक रुपया वाचत नाही.

घरमालक_विजापूररोड | सोमवार, दुपारी १:१५

मालकाच्या बाजूनं लिहितो, राग मानू नका.

माझा एक फ्लॅट भाड्यानं आहे. आजची किंमत ४५ लाख धरा. भाडं १३,०००, वर्षाचे १,५६,०००. म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आत. त्यातून महापालिकेचा कर, दोन वर्षांनी रंग, मोटार जळली तर मोटार. बँकेत ठेवले असते तर जास्त मिळाले असते. तेव्हा मालक लुटतात असं सरसकट म्हणू नका.

मी भाडेकरू ठेवताना पगार विचारतो. लोकांना वाटतं हा कशाला चौकशा करतो. पण एकदा एका पोराला ठेवलं, पगाराच्या जवळजवळ निम्मं भाडं देत होता. सहा महिने वेळेवर आलं. मग एक महिना उशीर, मग दोन. चौथ्या महिन्यात तो रात्री मला बघून जिन्यात मागं फिरला. मला फार वाईट वाटलं. चांगला पोरगा होता, माझ्या मुलाच्या वयाचा. डिपॉझिट परत देऊन मीच त्याला स्वस्तातली खोली बघून दिली. तेव्हापासून पगाराच्या चौथ्या हिश्शाच्या वर भाडं जात असेल तर मी सांगतो, बाबा, हे घर तुला जड जाईल.

कडक_भाकरी | सोमवार, दुपारी १:२२

काका, तुमच्यासारखा मालक मिळाला तर आम्ही भाडं आधीच आणून देऊ.

नईजिंदगी_चौकातून | सोमवार, दुपारी २:५०

सगळ्यांचे हिशोब वाचले, चांगले आहेत. पण त्यात एक गोष्ट धरलेली आहे, की माणूस चार घरं बघून त्यातलं एक निवडतो.

गेल्या वर्षी मी सात घरं बघितली. फोनवर भाडं ठरायचं, डिपॉझिट ठरायचं, मग नाव विचारायचे. नाव सांगितलं की "घरच्यांना विचारून सांगतो". पाच जणांनी परत फोन केला नाही. सहाव्यानं सरळ सांगितलं, निदान सरळ तरी सांगितलं. सातव्यानं दिलं, १०,५०० ला. खालच्या मजल्यावर तेवढंच घर ९,००० ला आहे, हे मला राहायला गेल्यावर कळलं. मी शिक्षक आहे, माझ्या पगाराच्या २६ टक्के भाडं जातं. त्यातले जवळजवळ चार टक्के माझ्या नावाचे आहेत.

मोगरा_भवानीपेठ | सोमवार, दुपारी ३:२०

भाऊ, हे वाचून लाज वाटली. आमच्या वाड्यात खोली रिकामी झाली तेव्हा मालकांनी "कसले लोक हवेत" ते सांगितलं होतं आणि आम्ही तिघं बिऱ्हाडं गप्प बसलो होतो. मी पण.

घरमालक_विजापूररोड | सोमवार, दुपारी ४:०५

माझ्या बिल्डिंगमध्येही असं होतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी एकदा बोललो, पुन्हा बोललो नाही. पुढच्या महिन्यात एक घर रिकामं होतंय, ८,५०० भाडं, वन बीएचके, हौद आहे. सर, तुम्हाला जागा बदलायची असेल तर मला खासगी संदेश करा. नाव विचारायचं कारण नाही, ते करारावर येईलच.

नईजिंदगी_चौकातून | सोमवार, दुपारी ४:३०

काका, संदेश केलाय. मनापासून आभार.

हौसेचा_हप्ता | सोमवार, संध्याकाळी ६:४५

मला एक कळत नाही, भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा हप्ता का नाही भरत? भाडं म्हणजे वाया. मी तर पगाराच्या ४५ टक्के हप्ता भरतो पण घर माझं आहे.

जुनी_वही | सोमवार, संध्याकाळी ७:१०

हप्ता, घरमालक काकांचाच फ्लॅट घ्या. ४५ लाख. नऊ लाख आपले घातले, ३६ लाखांचं कर्ज. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता ३१,००० च्या वर जातो. त्याच घराचं भाडं १३,०००. मधले १८,००० कुठून आणायचे? मोगराताईंच्या नवऱ्याचा मंदीतला पूर्ण पगारच १९,००० आहे.

घर घेऊच नये असं नाही. पण 'भाडं वाया' हे वाक्य ऐकून लोक झेपत नसताना कर्जात उतरतात, ते मी माझ्याच घरात बघितलंय. माझ्या थोरल्या भावानं हप्त्यापायी वडिलांचं ऑपरेशन दीड वर्ष पुढं ढकललं.

हौसेचा_हप्ता | सोमवार, संध्याकाळी ७:२५

हे मनाला लागलं. माझाही मुलाच्या क्लासच्या वेळी हात आखडतो. बघतो, मुदत वाढवून मिळते का बँकेत.

सहावा_मजला | सोमवार, रात्री ८:४०

कुणी उन्हाचं बोललंच नाही! मी सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, वर स्लॅब आणि पश्चिमेची भिंत. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर गेला की रात्री नऊ वाजता त्या भिंतीला हात लावून बघा, तव्यासारखी असते. कूलर रात्रभर, त्यात कूलरला पाणी, ते पाणीही टँकरचं. भाडं खालच्या मजल्यापेक्षा हजारानं कमी होतं म्हणून घेतलं, ते हजार चार महिन्यांत विजेच्या बिलात गेले. शिवाय मालकानं सबमीटर लावलंय, सरसकट युनिटला बारा रुपये घेतो.

घर दुपारी चारनंतर बघायला जा. सकाळी अकराला सगळीच घरं गार असतात.

वकिलीण_मुरारजीपेठ | सोमवार, रात्री ९:३०

दोन गोष्टी, कारण त्या भाड्याच्याच हिशोबात येतात.

एक. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. घराचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, मग तो ११ महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. 'अकरा महिन्यांचा आहे, नोटरी पुरे' हा गैरसमज आहे. नोंदणी करायची जबाबदारी मालकाची आहे आणि न केल्यास शिक्षा त्याला आहे. नोंदलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, त्यात एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दरानं व्याज धरतात. मोगराताईंच्या त्या फ्लॅटला ११ महिन्यांसाठी चारशेच्या आत-बाहेर येईल. नोंदणी फी शहरात १,०००. बाकी जे मागतील ते एजंटचं, ते बोलून घ्या.

दोन. करारातलं वाढीचं कलम आधी वाचा. दरवर्षी १० टक्के वाढ असेल तर १३,००० चे तिसऱ्या वर्षी १५,७३० होतात. तुमचे पगार तेवढे वाढतात का? आज ३० टक्क्यांत बसणारं घर दोन वर्षांत ३० टक्क्यांत बसत नाही.

डिपॉझिटचंही तसंच. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं सुचवलंय, पण राज्यानं तो स्वीकारला तरच लागू. तोवर बोलून कमी करून घ्यायचं. ५०,००० म्हणजे जवळजवळ चार महिन्यांचं भाडं झालं, जास्त आहे.

कडक_भाकरी | सोमवार, रात्री ९:४५

वकीलताई, माझा करार नोटरीचा हाय. उद्याच मालकाकडं जातो.

रुळांशेजारी | मंगळवार, सकाळी ६:३०

मोगरा, एक काम कर बाळ. टक्केवारी बाजूला ठेव. नवऱ्याचं पासबुक काढ आणि दोन वर्षांतले पगार एका कागदावर लिही. मग सगळ्यात वाईट महिना धरून खर्च मांड. आम्ही पगारदार माणसं सरासरी धरतो, कारण आमचा पगार हलत नाही. हातमाग-यंत्रमागावर जगणाऱ्या घरानं सरासरी धरली की घात होतो. लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडली तेव्हा माझ्या शेजारची चार घरं मी बघितलीत. घरमालक वाईट नव्हते. पण भाडं तेजीच्या पगारावर ठरलेलं होतं.

मोगरा_भवानीपेठ | मंगळवार, रात्री १०:१५

काका, तुम्ही सांगितलं तसंच केलं. लेक झोपल्यावर आम्ही दोघं कागद घेऊन बसलो.

चोवीस महिन्यांत नऊ महिने ह्यांचा पगार २१,००० च्या खाली आहे. मला वाटायचं, दोन-तीनच महिने असतील. ह्यांनाही तसंच वाटायचं. वाईट दिवस आपण विसरून जातो की काय कोण जाणे.

मंदीच्या महिन्यात दोघांचे मिळून ३७,०००. आता त्या फ्लॅटचा हिशोब: भाडं १३,०००, मेंटेनन्स ८००, जास्तीचं पेट्रोल ५५०, उन्हाळ्यात टँकर ६००. १४,९५०, म्हणजे १५,०००च धरा. चाळीस टक्के झाले की! नेटवर बघून मी साडेएकोणतीस धरून बसले होते.

मग बाकीचा खर्च. किराणा-दूध ९,०००, शाळा आणि व्हॅन ३,०००, सासूबाईंची औषधं १,८००, लाइट-गॅस १,९००, मोबाइल ७००, गाडीचा हप्ता ३,२००, आत्ताचं पेट्रोल २,०००. बेरीज २१,६००. हातात उरतात ४००. त्या चारशेत कुणाचं लग्न, कुणाचं दुखणं, गड्ड्याच्या जत्रेत लेकीला पाळणा, सगळं. ह्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "नको."

पण मला इथंच राहायचंही नाही. सासूबाईंचा प्रश्न तसाच आहे, पत्रा तसाच आहे. सहा हजारात राहून ३,४०० जास्त उरले म्हणून त्यांना रात्री अंगण ओलांडायला लावायचं, हेही मला पटत नाही.

जुनी_वही | मंगळवार, रात्री १०:४०

हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. कमी भाड्याचीही किंमत कुणीतरी देत असतं, तुमच्या घरात ती सासूबाई देतायत. मधलं घर शोधा. कामाच्या ठिकाणाजवळ, तळमजला, स्वतंत्र संडास. टू बीएचके नसलं तरी चालेल.

फक्त तुमचा तो ३,४०० चा आकडा कुठून आला?

मोगरा_भवानीपेठ | मंगळवार, रात्री १०:५०

चुकला. रात्रीचं डोकं. आत्ताच्या घरात मंदीत ३७,००० वजा ६,००० वजा २१,६००, म्हणजे ९,४०० उरतात. तिकडं ४००. फरक ९,००० चा. नऊ हजार!

कुंभारीकर | मंगळवार, रात्री ११:०५

ताई, अशोक चौक ते नीलम नगर या पट्ट्यात बघा. तिथून एमआयडीसी जवळ. आमच्या ओळखीत तेलुगू घरं पुष्कळ आहेत तिकडं, खाली मागाचं शेड किंवा बिऱ्हाड आणि वर मालक अशी. मागांचा आवाज मात्र आधी ऐकून घ्या. दुपारीही आणि रात्रपाळीलाही. ज्याला सवय नाही त्याला झोप येत नाही.

सातरस्ता_ते_सैफुल | मंगळवार, रात्री ११:१२

आणि पातेलं.

मोगरा_भवानीपेठ | पुढचा रविवार, संध्याकाळी ७:३०

मंडळी, घर मिळालं.

अशोक चौकाच्या पुढं. तळमजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आत. भाडं ८,५००, डिपॉझिट ३०,००० म्हणत होते, वकीलताईंचं वाचून दाखवलं तर २०,००० वर आले. करार नोंदणीचा, वाढ वर्षाला पाच टक्के. वरती मालकांचं घर असल्यामुळं स्लॅब तापत नाही, सहावा_मजला दादांच्या सांगण्यावरून दुपारी साडेचारला जाऊन पश्चिमेच्या भिंतीला हात लावून आले. हौद अंगणात आहे, झाकण उघडून बघितलं, आत उतरायला लोखंडी पायऱ्या आहेत इतका मोठा. बोअरचं पाणी उकळलं, थोडा थर धरतो, पण साबणाला फेस येतो. माग दोन घरं सोडून आहेत. रात्री अकराला आम्ही दोघं बाहेर गाडीवर बसून ऐकलं. ह्यांना तर आवाजाशिवाय करमणार नाही म्हणतात.

मंदीचे ३७,००० धरले तर २३ टक्के. चांगल्या महिन्यात १९. मंदीतही हातात ६,९०० उरतात. मेंटेनन्स नाही, पेट्रोल वाढत नाही. हॉल नाही, गॅलरी नाही. लेकीनं जुळे सोलापूरच्या लिफ्टची आठवण काढून दोन दिवस भोकाड पसरलं होतं. तिची समजूत हौदानं निघाली.

सासूबाईंना घर दाखवायला नेलं. त्या सरळ आत गेल्या, संडासाचं दार उघडलं, लावलं, परत उघडलं. मग भिंतीला आधाराची दांडी लावून देशील का, असं मालकीणबाईंना त्यांनीच विचारलं. मालकीणबाई म्हणाल्या, "लावते की अक्का, मलाही लागणारच आहे."

रुळांशेजारी | रविवार, संध्याकाळी ७:४१

शाब्बास बाळ. दांडी स्टीलची लाव, प्लास्टिकची नको. आणि स्क्रू टाइल्सच्या मागं विटेत गेला पाहिजे.

नईजिंदगी_चौकातून | रविवार, संध्याकाळी ८:०२

ताई, अभिनंदन. मीही एक तारखेला काकांच्या घरात जातोय. करार काल नोंदवला.

कडक_भाकरी | रविवार, संध्याकाळी ८:१०

सामान हलवायला टेम्पो लागंल की. माझ्या भावाचा छोटा हत्ती हाय, डिझेल तेवढं द्या. कधी येऊ?

मोगरा_भवानीपेठ | रविवार, संध्याकाळी ८:१८

दादा, गुरुवारी सकाळी या. नव्या घरी बुधवारी रात्री नळाला पाणी येतंय, हे आधी जाऊन हौद भरून ठेवणार आहेत.